मॅट्रिक नापास झालेला माणदेशी पोरगा रेडिओवर आला आणि महाराष्ट्राची शुक्रवारची सकाळ त्याच्या नावावर झाली

साल १९५५. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. टीव्ही कुणी पाहिलेला नव्हता. घरात रेडिओ असणं ही ऐपतीची खूण होती आणि तो बाळगायचा तर पोस्टातून परवाना काढून दरवर्षी फी भरावी लागायची.

अशा काळात पुणे आकाशवाणीवर दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊ वाजता एक गाणं लागायचं. ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओटीवर शेजारीपाजारी जमायचे. हॉटेलात चहा पिणारे पेला हातात धरून थांबायचे. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसायचे, असं त्या पिढीतले लोक आजही सांगतात.

कार्यक्रमाचं नाव होतं गीतरामायण. संगीत सुधीर फडके यांचं आणि शब्द ग. दि. माडगूळकर यांचे. म्हणजे आपले गदिमा.

गदिमांना आपण सिनेमाची गाणी लिहिणारा कवी म्हणून ओळखतो. पण मराठीत रेडिओची ताकद पहिल्यांदा पुरेपूर कुणी दाखवली असेल, तर ती या माणसानं. आज रेडिओ संपला की उरला यावर चर्चा चालू असते. त्या चर्चेचं उत्तर शोधायचं तर आधी सातारा आणि सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात जावं लागतं.

तुकड्यातुकड्यांचं संस्थान

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळे गावातला. मूळ गाव माडगुळे. दोन्ही गावं आज सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात येतात.

त्यांच्या जन्माचा एक किस्सा कायम सांगितला जातो. बाळ जन्मलं पण रडेना. घरच्यांनी आशा सोडली, पुरायची तयारी सुरू झाली. सुईणीनं शेवटचा उपाय म्हणून बेंबीजवळ निखारा नेला आणि पोरानं टाहो फोडला.

तेव्हा हा सगळा भाग औंध संस्थानात होता. हे संस्थान मोठं गमतीचं. सलग प्रदेश असा नव्हताच. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. मधे दुसऱ्यांचा मुलूख. गदिमांचे वडील याच संस्थानात कारकून होते. त्यामुळे आटपाडी, कुंडल आणि औंध अशा तिन्ही ठिकाणी त्यांचं शिक्षण झालं. घरची परिस्थिती बेताची. त्यात माणदेश म्हणजे पावसाची वाट बघत जगणारा मुलूख.

पैसा नव्हता, पण ऐकायला भरपूर होतं. जात्यावरच्या ओव्या, भजनं, कीर्तनं, जत्रेतला तमाशा, पोवाडे. छापील पुस्तक हातात पडणं मुश्किल अशा गावात माणसं कानानंच शिकायची.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हा तर वेगळाच माणूस. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, उत्तम चित्रकार आणि स्वतः कीर्तन करणारे. त्यांनी रामायणातल्या प्रसंगांची चित्रं काढली होती आणि १९१६ मध्ये ती चित्ररामायण म्हणून पुस्तकरूपात आली होती. ज्या राजाच्या संस्थानात चित्रांतून रामायण सांगितलं गेलं, त्याच संस्थानातल्या कारकुनाच्या मुलानं चाळीसेक वर्षांनी ते गाण्यांतून सांगितलं.

नापासाचा शिक्का आणि कोल्हापूर

शाळेत मात्र गाडी अडली. गदिमा मॅट्रिकला नापास झाले. पुढं शिकायला पैसे नव्हते आणि घराला हातभार लावणं गरजेचं होतं.

त्या काळी कोल्हापूर हे सिनेमाचं गाव होतं. १९३८ साली गदिमा तिथं पोचले आणि हंस पिक्चर्समध्ये दाखल झाले. मास्टर विनायक यांच्या ब्रह्मचारी या चित्रपटात त्यांना छोटंसं काम मिळालं. पण खरी शाळा पडद्यामागं होती. काही काळ ते वि. स. खांडेकरांचे लेखनिक होते. म्हणजे खांडेकर सांगणार आणि हे उतरवून घेणार. पुन्हा कानाचंच काम.

कोल्हापुरातच त्यांची सुधीर फडके यांच्याशी गाठ पडली. फडके कोल्हापूरचेच, जन्मसाल तेच १९१९ आणि खिसाही तेवढाच रिकामा. एक शब्द लिहिणार आणि दुसरा चाल बांधणार, ही जोडी पुढं पंचवीस-तीस वर्षं टिकली.

१९४७ सालच्या लोकशाहीर राम जोशी या चित्रपटानं गदिमांचं नाव घरोघरी पोचवलं. मग मागं वळून बघणं नव्हतं. पटकथा, संवाद, गाणी, जमलं तर अभिनय, सगळं एकहाती. राजा परांजपे दिग्दर्शक, गदिमा लेखक आणि फडके संगीतकार या तिघांनी लाखाची गोष्ट, ऊन पाऊस, जगाच्या पाठीवर असे चित्रपट दिले. दीडशेहून जास्त मराठी चित्रपटांशी गदिमांचं नाव जोडलेलं आहे.

माणदेश त्यांच्या लेखणीतून कधी सुटला नाही. व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ आठवतो? जेलर सहा कैद्यांना उघड्या माळावर नेतो आणि शेती करायला लावतो. त्याची कथा गदिमांची. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत उभारली होती. तिथं कैद्यांना भिंतीशिवाय ठेवलं जायचं. गदिमांच्या गावाकडचा तो प्रयोग १९५७ साली पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला.

तिकडं रेडिओचं काय चाललं होतं?

भारतात नियमित प्रसारण सुरू झालं ते २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईतून. एका खासगी कंपनीनं ते सुरू केलं आणि तीनच वर्षांत कंपनी बुडाली. मग सरकारनं कारभार हातात घेतला. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला फक्त सहा केंद्रं आली होती. त्यात मराठी मुलखातलं एकच, मुंबई.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. ते सुरू झालं तेव्हा आकाशवाणी एका पेचात अडकली होती.

झालं असं होतं की १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटायची. रेडिओवर ती किती वाजवायची यावर मर्यादा आली, निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास गायबच झालं.

श्रोत्यांनी काय केलं? सरळ काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५२ च्या डिसेंबरात तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात घुसला.

म्हणजे आकाशवाणीला आता स्वतःची गाणी हवी होती. सिनेमातली नकोत, पण लोकांना गुणगुणता येतील अशी. त्यातून सुगम संगीत हा प्रकार रेडिओनं वाढवला. कवीकडून गाणी लिहून घ्यायची, संगीतकाराकडून चाल घ्यायची, गायक बोलवायचे, सगळं केंद्रावरच.

गंमत बघा. सिनेमाच्या गाण्यांना दार बंद केलेल्या आकाशवाणीला सगळ्यात मोठं यश मिळवून दिलं ते सिनेमातल्याच दोन माणसांनी.

एक मित्र, एक मागणी आणि ५६ गाणी

पुणे केंद्रावर सीताकांत लाड नावाचे कार्यक्रम अधिकारी होते. गदिमांचे जुने स्नेही. त्यांनी गदिमांना गळ घातली की रेडिओसाठी वर्षभर चालेल असं काहीतरी लिहा. त्यातून कल्पना निघाली रामायणाची. दर आठवड्याला एक प्रसंग, एक पात्र, एक गाणं.

आज ओटीटीवर आठवड्याला एक भाग येतो ना, तसंच. पण इथं सगळे भाग आधी तयार नव्हते. गाणं त्या त्या आठवड्यात लिहिलं जायचं, चाल लागायची, वादकांची तालीम व्हायची आणि मग प्रसारण. शुक्रवार काही पुढं ढकलता येत नव्हता.

पहिलं गाणं १ एप्रिल १९५५ ला वाजलं. त्या दिवशी रामनवमी होती. त्या पहिल्याच गाण्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. लिहिलेला कागद फडक्यांकडून हरवला. गदिमा संतापले आणि पुन्हा लिहायला तयार होईनात. मग केंद्रावरच्या मंडळींनी त्यांना कागद-पेन देऊन खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. पंधरा-वीस मिनिटांत गाणं कागदावर उतरलं, असं सांगतात.

ठरलं होतं ५२ आठवड्यांचं. पण त्या वर्षी अधिक महिना आला. रामनवमीला सुरू झालेली कथा रामनवमीलाच संपवायची तर आणखी चार गाणी हवी होती. म्हणून संख्या झाली ५६. शेवटचं गाणं १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढच्या रामनवमीला लागलं.

माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, बबन नावडीकर अशा गायकांनी यातली पात्रं गायली. रामाची गाणी स्वतः फडक्यांची. शुक्रवारी चुकलं तर शनिवारी आणि रविवारी सकाळी तेच गाणं पुन्हा लागायचं. शब्द वर्तमानपत्रांत छापून यायचे. १९५७ साली त्याचं पुस्तकही आलं आणि पुढं हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली, कोकणी, अगदी संस्कृतमध्येही भाषांतरं झाली.

पण हे रेडिओवरच का जमलं?

रामायण लोकांना माहीत होतंच. पुढं काय होणार हे पाच वर्षांचं पोरही सांगू शकलं असतं. तरीही लोक आठवडाभर थांबायचे. कारण गदिमांनी कथा सांगायची पद्धत बदलली.

५६ गाण्यांत ३२ पात्रं बोलतात. राम आणि सीता तर आहेतच, पण शबरी आहे, जटायू आहे, शूर्पणखा आहे, कुंभकर्ण आहे. रामाला गंगेपार नेणारे नावाडीही गातात. प्रत्येक जण आपली बाजू स्वतः मांडतो. रेडिओवर चेहरा दिसत नाही, वेशभूषा दिसत नाही. आवाज ऐकला की कोण बोलतंय आणि कुठं उभं राहून बोलतंय, हे दोन ओळींत कळावं लागतं. सिनेमासाठी प्रसंगावर गाणं लिहिण्याचा सराव इथं कामाला आला.

दुसरी गोष्ट भाषेची. गदिमांचे शब्द ऐकताक्षणी समजतात. कागदावर कठीण ओळ आली तर वाचणारा मागं जाऊन पुन्हा वाचतो. रेडिओच्या श्रोत्याला ती सोय नाही. ओवी, अभंग आणि पोवाडा ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागलं नाही. ते सगळे प्रकार कानासाठीच जन्मले होते.

तिसरी गोष्ट वेळेची. सगळे एकाच क्षणी तेच ऐकत होते. पुण्यातले प्राध्यापक, साताऱ्यातले वकील, सांगलीच्या पेठेतले हमाल. त्यामुळे गाणं संपलं की त्यावर बोलायला समोरचा तयार असायचा. गीतरामायणाची लोकप्रियता त्या गप्पांतूनही वाढली.

एक भाऊ गाण्यात, दुसरा शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात

माडगूळकरांच्या घराचं रेडिओशी नातं एवढ्यावर थांबत नाही. गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर, म्हणजे बनगरवाडी आणि माणदेशी माणसं लिहिणारे तात्या, हे पुणे आकाशवाणीवर नोकरीला होते. विभाग ग्रामीण कार्यक्रमांचा. तिथं त्यांनी अनेक वर्षं काम केलं.

गीतरामायणाचा शेवट जवळ येत होता, त्याच सुमारास, म्हणजे १९५६ च्या सुरुवातीला, पुणे केंद्रावरून आणखी एक प्रयोग झाला. युनेस्कोच्या मदतीनं पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ श्रोता मंडळं काढली गेली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. केंद्रानं पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं द्यायची. विकासासाठी रेडिओ कसा वापरावा याचं उदाहरण म्हणून हा पुण्याचा प्रयोग जगभर अभ्यासला गेला.

म्हणजे एकाच इमारतीतून एकाच वर्षी दोन गोष्टी सिद्ध झाल्या. रेडिओवरून महाकाव्य सांगता येतं आणि रेडिओवरून खताचा हिशेबही सांगता येतो. अट एकच, ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलणारा माणूस माइकपाशी हवा.

१९६३ मध्ये सांगलीला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं. तोवर ट्रान्झिस्टर आले होते. विजेशिवाय, सेलवर चालणारा रेडिओ बांधावर आणि गोठ्यात पोचला. ज्या माणदेशात गदिमांच्या लहानपणी रेडिओ हा शब्दही नव्हता, तिथं आता मेंढपाळाच्या खांद्यावर तो लटकू लागला.

आमदारकी, पद्मश्री आणि शेवट

गीतरामायणानंतर लोक गदिमांना आधुनिक वाल्मीकी म्हणू लागले. १९६२ ते १९७४ ते विधान परिषदेचे सदस्य होते. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७३ साली यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं. मॅट्रिक नापास झालेला पोरगा साहित्यिकांच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसला.

१४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय होतं ५८. गीतरामायण मात्र थांबलं नाही. फडके पुढं कित्येक वर्षं देशात आणि परदेशात त्याचे कार्यक्रम करत राहिले. आजही रामनवमीला गावोगावी ती गाणी लागतात. आता ती यूट्यूबवर आहेत, हवी तेव्हा, हवी तितक्यांदा.

मग रेडिओचं पुढं काय?

हवी तेव्हा, हवी तितक्यांदा. रेडिओची अडचण नेमकी इथं सुरू झाली. शुक्रवारची वाट बघायची गरज उरली नाही.

तंत्रही बदललं. जुनी केंद्रं मध्यम लहरींवर चालतात. त्यांचे ट्रान्समीटर अवाढव्य, वीज जास्त खाणारे आणि आवाजात खरखर. पण या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात. एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मधे डोंगर आला की अडतात. साताऱ्याच्या घाटात गाडी वळली की स्टेशन का गायब होतं, त्याचं कारण हेच.

नॉर्वेनं २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रसारण बंद करून डिजिटल रेडिओ स्वीकारला. भारतात आकाशवाणी हळूहळू मध्यम लहरींकडून एफएमकडं आणि मोबाइल ॲपकडं चालली आहे. खर्च कमी करायचा तर स्थानिक विभागांवर कुऱ्हाड पडते. २०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला होता. लोकांनी ओरड केली आणि तो स्थगित झाला.

खरा धोका आहे तो इथं. रेडिओचा डबा गेला तरी चालेल. फोनवर ऐकता येतं, पॉडकास्टवर ऐकता येतं. पण ज्या केंद्रावर सीताकांत लाडांसारखा माणूस बसलेला असतो, जो जवळच्या कवीला ओळखतो आणि वर्षभराचं काम सोपवायची हिंमत करतो, ते केंद्र गेलं की गीतरामायणासारखी गोष्ट जन्मायची जागाच जाते. दिल्लीहून किंवा मुंबईहून एकच कार्यक्रम सगळीकडं सोडणं स्वस्त पडतं. पण त्यात आटपाडीचा पोरगा सापडत नाही.

आणि याचं उत्तरही पुन्हा माणदेशातच दिसतं. २००६ मध्ये सरकारनं सामाजिक संस्थांना छोटी रेडिओ केंद्रं काढायची परवानगी दिली. ही कम्युनिटी रेडिओ केंद्रं. ताकद जेमतेम १०० वॅट, आवाज आसपासच्या गावांपुरता. आज देशात अशी ५०० हून जास्त केंद्रं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी चालते. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. गावातल्या बायका ओव्या गातात, शेतकरी चाऱ्याविषयी आणि पाण्याविषयी बोलतात, शाळेतली पोरं माइकसमोर उभी राहतात. बोली तिथली, प्रश्न तिथले.

म्हसवड ज्या माण तालुक्यात आहे, त्याला लागूनच गदिमांचा आटपाडी तालुका. आपल्या मुलखातला आवाज रेडिओवर यावा म्हणून त्यांना कोल्हापूर करावं लागलं, पुणं गाठावं लागलं. आज तिथल्या एखाद्या नापास पोराला चांगलं लिहिता-गाता येत असेल, तर माइक त्याच्या गावापासून एसटीच्या अंतरावर आहे. त्याच्याकडं कुणीतरी वर्षभराचं काम मागायला हवं, एवढंच.